पिशवीवरचा चेहरा आणि यादीतले नाव

परंडा तालुक्याची ओळख दुष्काळी. सीना नदी या तालुक्यातून वाहते, तिच्यावर सीना-कोळेगाव धरण आहे, तरी बहुतेक वर्षी बोलणे होते ते कोरड्या पात्राचे. २०२५ च्या सप्टेंबरात सगळे उलटे झाले. अतिवृष्टीने सीनेला आलेला पूर काठच्या गावांत शिरला. वडनेरसारख्या गावांत माणसे अडकून पडली आणि त्यांना सोडवायला होड्या, हेलिकॉप्टर आणावे लागले. सोयाबीन पाण्यात कुजले, दावणीची जनावरे गेली, कित्येक शेतांतली वरची माती वाहून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला. मग मदतीच्या गाड्या येऊ लागल्या. धाराशिव जिल्ह्यात आलेल्या काही मदतसंचांवर उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि पालकमंत्री प्रताप सरनाईक यांची छायाचित्रे होती. त्यावरून गदारोळ झाला. फोटो काय बघता, आतले साहित्य बघा, अशा आशयाचे उत्तर आले. हे संच शिंदे यांच्या पक्षाने पाठवलेले होते, सरकारी तिजोरीतले नव्हते, हेही सांगायला हवे. चार दिवसांत वाद विरला. मात्र संच कोणत्या गावात आधी उतरायचे, कोणत्या वस्तीवर नंतर, हे कोण ठरवते, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

मदतीवर चेहरे छापण्याची रीत एका पक्षाची नाही आणि एका वर्षाचीही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले तेव्हा सरकारी गहू-तांदळाच्या पाकिटांवर तत्कालीन मुख्यमंत्री आणि स्थानिक आमदार यांचे स्टिकर दिसले होते. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल देणारा 'आनंदाचा शिधा' सुरू केला, त्याच्या पिशवीवरही नेते होते. केंद्राच्या मोफत धान्याच्या पिशवीवर पंतप्रधान होते. हे पैसे करदात्यांचे. मेक्सिकोत सामाजिक विकासाचा जो कायदा झाला, त्यात सरकारी योजनेच्या कागदावर आणि जाहिरातीवर 'ही योजना सार्वजनिक आहे, तिचा कोणत्याही पक्षाशी संबंध नाही' अशा अर्थाचे वाक्य छापणे बंधनकारक केले आहे. तिथल्या सत्ताधारी पक्षाने कित्येक दशके मदतीच्या बदल्यात मते घेतली होती, म्हणून ही तरतूद आली. आपल्याकडे तसे वाक्य छापले जावे, असे मला मनापासून वाटते. तरीही चेहरा हे वरचे लक्षण आहे. पक्षपात शोधायचा तर धान्य, बियाणे, खत, अनुदान यांच्या वाटपात 'याला द्या, त्याला राहू द्या' असे कुणाला तरी म्हणता येईल अशी जागा नेमकी कुठे आहे, ते शोधले पाहिजे. ती जागा जितकी मोठी, तितका पक्षपात मोठा. मग तिथे बसलेला माणूस सज्जन असो की नसो.

ही जागा सर्वात मोठी झाली की काय होते, हे झिम्बाब्वेने दाखवले. २००२ च्या दुष्काळात तिथे मक्याच्या व्यापाराची मक्तेदारी सरकारी धान्य महामंडळाकडे होती. विरोधी पक्षाचे समजले जाणारे लोक रांगेत उभे राहून रिकाम्या हाताने परत जात असल्याच्या, सत्ताधारी पक्षाचे ओळखपत्र मागितले जात असल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या. २००८ च्या जूनमध्ये, अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीच्या मतदानाआधी, सरकारने मदतसंस्थांचे गावागावांतले काम थांबवण्याचा हुकूम काढला. भुकेल्या लोकांच्या तोंडचा घास निवडणुकीसाठी काढून घेण्याचे इतके उघडे उदाहरण क्वचितच सापडेल. इथिओपियाची तऱ्हा वेगळी आणि आपल्याला जास्त शिकवणारी आहे. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत: सत्ताधारी आघाडीत नाव नोंदवले नाही म्हणून बियाणे नाही, खत नाही, कर्ज नाही, कामाच्या बदल्यातले धान्य नाही. तिथल्या सरकारने हे आरोप फेटाळले. पण एक गोष्ट वादातीत होती. गावपातळीवरचे एकच प्रशासन ओळखपत्र देत होते, खतही तेच देत होते आणि मदतीची यादीही तेच करत होते. सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात असल्या की माणूस नकाराची वाट बघत बसत नाही, तो आधीच होकार देऊन टाकतो.

परंड्यात किंवा महाराष्ट्रात असे काही चालते, असे मी म्हणत नाही. अमुक पक्षाला मत दिले नाही म्हणून कुणाचे रेशन सरकारी हुकमाने बंद झाले, याचा पुरावा माझ्यापुढे नाही. तरी जुडग्याची गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही. मराठवाड्यातल्या गावात विविध कार्यकारी सेवा सोसायटी पीककर्ज देते. अनेक ठिकाणी खतविक्री तिच्याकडे असते, कुठे कुठे रास्त भाव दुकानही. तिचे संचालक मंडळ पॅनेल लावून निवडून येते. त्याच गटाचे लोक ग्रामपंचायतीत असतात आणि त्यांचेच वरचे नेते जिल्हा बँकेत नि साखर कारखान्यात. उसाची तोड वेळेवर मिळणे, जूनमध्ये डीएपीची दोन पोती हाती येणे, कर्जाचे नवे-जुने होणे, या तीन गोष्टींसाठी शेतकऱ्याला शेवटी त्याच चार-पाच घरांच्या ओट्यावर जावे लागते. राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचे कलम २३ पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही, असे सांगते. कायद्यात हे लिहावे लागले, यातच काय ते आले. सभासद वाढले की मतदार वाढतात आणि पॅनेलचे गणित बिघडते.

यावर पहिला आक्षेप येतो तो गुप्त मतदानाचा. कुणी कुणाला मत दिले हे कळतच नाही, मग भेदभाव करणार कुणाशी? व्यक्तीपुरता हा आक्षेप बराचसा खरा आहे. गावाच्या बाबतीत तो टिकत नाही. मतदानयंत्राची मोजणी केंद्रनिहाय होते आणि केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात. हजार-बाराशे मतदारांच्या केंद्रावर कुणाला किती पडली, हे निकालाच्या संध्याकाळी कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते. मतपत्रिकांच्या काळात मतदारांवर दडपण येण्याची भीती असेल तिथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय १९६१ च्या निवडणूक नियमांत केलेली होती. यंत्रांसाठी तशीच सोय करणारे 'टोटलायझर' हे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने तो स्वीकारला नाही. गावाने मत कुठे टाकले हे नेत्याला कळू नये, ही मागणी धान्यवाटपाच्या प्रश्नाशी इतकी जवळून जोडलेली आहे, याची चर्चा मात्र कुणी करत नाही.

गावागावांत होणारा भेद माणसामाणसांत होणाऱ्या भेदापेक्षा मोठा असतो, याला चांगला पुरावा आहे. प्रणव बर्धन आणि दिलीप मुखर्जी या अर्थशास्त्रज्ञांनी पश्चिम बंगालमधल्या ८९ गावांचा अभ्यास केला. तिथे पंचायतींमार्फत शेतकऱ्यांना बियाणे-खतांचे छोटे संच, म्हणजे मिनिकिट, आणि अनुदानित कर्जे वाटली जात. गावाच्या आत ही वाटणी बऱ्यापैकी गरिबांकडे झुकलेली आढळली. घोळ होता तो त्याच्या आधीच्या टप्प्यावर, कोणत्या गावाला किती द्यायचे हे ठरताना. तिथे गरीब गावांच्या वाट्याला कमी आले होते. गावातला शेजारी शेजाऱ्याला बघत असतो, म्हणून उघड अन्यायाला थोडी लाज असते. तालुक्याला किंवा जिल्ह्याला बसून दोन गावांमध्ये वाटणी करणाऱ्यावर कुणाची नजर नसते. वंचित राहिलेल्या गावाला आपण वंचित राहिलो, हेही अनेकदा कळत नाही.

तरीही कोण आत, कोण बाहेर हे ठरवणाऱ्या प्रत्येक रेषेमागे राजकारण शोधणे चुकीचे ठरेल, आणि त्याचे उदाहरण परंड्याचेच आहे. २०२३ च्या खरिपात पाऊस रुसला. ऑक्टोबरच्या अखेरीस राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात परंड्याला लागून असलेले बार्शी, करमाळा, माढा हे सोलापूरकडचे तालुके होते. धाराशिव जिल्ह्यातले वाशी, धाराशिव, लोहारा होते. परंडा नव्हता. त्या वेळी परंड्याचे आमदार तानाजी सावंत राज्याचे आरोग्यमंत्री होते, जिल्ह्याचे पालकमंत्रीही होते. सत्ताधारी मतदारसंघांनाच दुष्काळ मिळाला, असा आरोप विरोधकांनी राज्यभर केला. परंड्याच्या बाबतीत तो सरळ बसत नाही. यादी २०१६ च्या दुष्काळ संहितेतील निकषांवर, म्हणजे पाऊस, पिकांची स्थिती, मातीतला ओलावा यांवर केल्याचे सरकारने सांगितले. पण ओरड वाढली तशी नोव्हेंबरमध्ये आणखी ९५९ महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती मान्य करून सवलती देण्यात आल्या. पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून आणि ७५० मिलिमीटरहून कमी, ही त्यासाठीची अट. पुढे हा आकडा हजारावर गेला. मला यातून दोन गोष्टी दिसतात. निकष उघड आणि मोजता येणारा असेल तर मंत्र्याचा तालुकाही बाहेर राहू शकतो, ही जमेची बाजू. आणि रेषा एकदा हलू शकते हे कळले की ती हलवण्यासाठी ओरडण्याची ताकद लागते. ती ज्या मंडळांकडे नाही, त्यांनी काय करायचे, याला संहितेत उत्तर नाही. पिकाचा अंदाज पैशांत मांडणाऱ्या जुन्या पैसेवारीच्या पद्धतीपेक्षा हे बरे, हे मात्र निःशंक म्हणता येईल. पन्नास पैशांच्या वर की खाली, हा आकडा कागदावर कसा वर-खाली होतो, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

रेषेच्या आत आल्यावर पुढची जागा पंचनाम्याची. ही थोडी जवळून पाहू. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस मंडळाच्या पर्जन्यमापकात नोंदला गेला की अतिवृष्टी. इथवर यंत्र बोलते. पुढे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक शेतावर जाऊन नुकसान किती टक्के ते लिहितात. ३३ टक्क्यांच्या वर असेल तर अनुदान, खाली असेल तर काहीच नाही. चिखलात उभ्या सोयाबीनचे नुकसान तीस टक्के की पस्तीस, हे कुठल्याही मापकात दिसत नाही. एका सज्जात दोन-तीन गावे, हजारो गट क्रमांक आणि हातात थोडे दिवस. म्हणून व्यवहारात बऱ्याच नोंदी चावडीत बसून होतात आणि चावडीत जो हजर असतो त्याची नोंद नीट होते. हजर कोण असतो? ज्याच्याकडे वेळ आहे, गाडी आहे, तलाठ्याला 'अहो भाऊसाहेब' म्हणून बोलावून चहा पाजण्याची ओळख आहे तो. जमीन वाट्याने कसणारा तिथे नसतो, कारण सातबारा त्याच्या नावावर नाही. नवरा गेल्यावर वारसनोंद न झालेली बाई नसते. ऊसतोडीला गेलेले कुटुंब नसते. यांच्यापैकी कुणाचे नाव कुणी द्वेषाने खोडलेले नाही, तरी नुकसानीच्या यादीत ते आलेले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचे जे पॅकेज जाहीर केले त्यात कोरडवाहूला हेक्टरी १८,५०० रुपये आणि खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख होते. रक्कम किती असावी यावर विधिमंडळात आणि रस्त्यावर भरपूर वाद झाला. ती ज्या कागदावर अवलंबून होती त्या पंचनाम्याच्या पद्धतीवर त्याच्या दशांशही झाला नाही.

धान्याच्या बाजूला अशीच जागा आहे, तिचे नाव इष्टांक. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. पण महाराष्ट्रासाठी एकूण लाभार्थ्यांचा आकडा बांधून टाकला: ७ कोटी १६ हजार, ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरात ४५.३४ टक्के. आधार २०११ ची जनगणना. तेव्हापासून मुले जन्मली, कुटुंबे वेगळी झाली, आकडा तोच. तो जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला वाटून दिला जातो. तहसीलच्या पुरवठा विभागात नवे नाव घालायला गेलेल्याला 'इष्टांक शिल्लक नाही' हे उत्तर मिळते आणि ते बहुधा खरेही असते. कुणी मेले, कुणाचे लग्न होऊन गाव सुटले, कुणाचे नाव अपात्र म्हणून वगळले की जागा मोकळी होते. ती जागा कुणाला द्यायची, हा खरा प्रश्न. त्यात उत्पन्नाची अट अशी की ग्रामीण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४४,००० रुपयांच्या आत हवे. म्हणजे महिन्याला ३,७०० रुपयेसुद्धा नाहीत. दोन माणसे मजुरीला जाणारे कुठलेही घर ही मर्यादा ओलांडते. नियम काटेकोर लावला तर यादीतले बहुतेक जण अपात्र ठरतील, म्हणून तो लावला जात नाही. पण तो पुस्तकात आहे आणि अपात्र शिधापत्रिका शोधण्याची मोहीम निघाली की हवा तिथे लावता येतो. प्रत्येकाला थोडेसे बेकायदा करून ठेवणारा नियम हा पक्षपाताला सर्वात सोयीचा. ज्याला यादीत राहायचे आहे तो मग कुणाचे तरी मन राखून राहतो.

मन राखून राहण्याच्या या व्यवहारावर महाराष्ट्रातच एक मोलाचा अभ्यास झाला आहे. सिवान अँडरसन, पॅट्रिक फ्रान्स्वा आणि अशोक कोतवाल यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या शेकडो गावांमधल्या नऊ हजारांवर कुटुंबांची पाहणी करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जमिनीवर मराठा समाजाचे वर्चस्व असलेल्या गावांत रोजगार हमीसारख्या गरिबांच्या योजना बऱ्याच कमी राबवल्या जात होत्या. तिथले गरीब मात्र नाराज नव्हते. अडीअडचणीला मोठ्या शेतकऱ्याकडून उसने मिळत होते, संकटात आधार होता, आणि त्या बदल्यात मत होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा गाव एकदिलाचा वाटतो. गोम अशी की सरकारी हक्क गावात नीट पोचला तर मोठ्या घराच्या आधाराची गरज कमी होते आणि मजुरीचा दरही वाढतो. म्हणून हक्क अडवला जातो आणि उपकार चालू राहतो. हे एका जातीच्या स्वभावाचे वर्णन म्हणून वाचू नये. जमीन, संख्या आणि पंचायत एकाच गटाकडे गेली की काय होते, त्याचे हे वर्णन आहे, आणि दुसऱ्या प्रांतांत ती जागा दुसऱ्या जातींकडे असते. दलितांच्या वाट्याला यापलीकडचे काही येते, हेही विसरता येत नाही. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी पाच राज्यांतल्या रेशन दुकानांचा आणि शाळेतल्या माध्यान्ह भोजनाचा अभ्यास मांडला. महाराष्ट्र त्यात नव्हता. दुकान कोणत्या वस्तीत आहे, दुकानदार कोणत्या जातीचा आहे आणि वजन कमी भरते की नाही, यांचा एकमेकांशी संबंध असल्याचे त्यात दिसते. पक्ष बदलला तरी हा भेद राहतो, कारण दोन्ही पक्षांचे गावातले पुढारी त्याच आळीत राहतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नेत्याला श्रेय मिळाले नाही तर तो मदतीसाठी धावेल कशाला? पुराच्या पाण्यात उतरणारा खासदार, रात्री बारा वाजता ट्रक पाठवणारा मंत्री, यांना मतांची आशा असते म्हणूनच ते धावतात, आणि त्यात वाईट काय? लोकशाहीत दुष्काळाचे महादुष्काळ का होत नाहीत, याचे अमर्त्य सेन यांनी दिलेले उत्तर याच आशेवर उभे आहे. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी १९५८ ते १९९२ या काळातल्या भारतीय राज्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा जिथे वर्तमानपत्रांचा खप जास्त तिथे सरकार पीक बुडाल्यावर जास्त धान्य वाटते आणि आपत्तीत जास्त खर्च करते, असे आढळले. म्हणजे श्रेयाची ओढ उपयोगी आहे. मी ती नाकारत नाही. पण तो अभ्यास नीट वाचला तर उपयोगी ठरते ती लोकांना मिळालेली माहिती: कुणाला किती मिळाले, कुठे कमी पडले. पिशवीवरचा फोटो अशी कोणतीही माहिती देत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्याकडे शतकानुशतके सांगितली जाते. बहामनी राज्यातल्या दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार उघडले, अशी ती परंपरा. त्या कथेतला मला महत्त्वाचा वाटणारा तपशील असा की कोठार येईल त्याच्यासाठी उघडले गेले. त्यात लाभार्थ्यांची यादी नाही, शिफारसपत्र नाही. श्रेय दामाजीपंतांना मिळाले ते सगळ्यांना दिल्यामुळे.

येईल त्याला, हेच तत्त्व याच भागाने आधुनिक काळात एकदा प्रत्यक्ष चालवून दाखवले आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होता. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळत होती, कामावर सुकडी मिळत होती, जुन्या माणसांच्या बोलण्यात ती चव अजून आहे. तग धरला गेला तो मुख्यतः दुष्काळी कामांवर. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसे खडी फोडत, पाझर तलावांची माती वाहत होती. ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. काम मागणाऱ्याला काम, ही पद्धत असल्याने गरीब कोण हे ठरवण्याची गरजच उरली नव्हती. भर उन्हात खडी फोडायला जो येतो तो गरजू. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्याने हक्क झाली, त्यात पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता आला. अर्थात कोणत्या गावात काम काढायचे, मजूर कमी आणि हजेरीपटावर जास्त, हे सगळे तिथेही झाले. पण माणूस निवडण्याची जागा अरुंद केली की पक्षपाताला कामे निवडण्यापुरतीच जागा उरते, आणि ती दिसते. बंद पडलेले काम रस्त्यावरून दिसते. न लिहिलेले नाव दिसत नाही.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा. आता अंगठा लावल्याशिवाय धान्य निघत नाही, अनुदान थेट खात्यात येते, यंत्राला कसला पक्ष? यंत्राने बरेच साधले, हे कबूल केलेच पाहिजे. ई-पॉस आल्यावर दुकानदाराला बनावट नावांवर धान्य उचलणे अवघड झाले. २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण यांच्यात सुरू होऊन देशभर पसरलेल्या सोयीमुळे कार्डधारकाला दुसऱ्या दुकानातून धान्य घेता येते. हंगामात गाव सोडणाऱ्या ऊसतोड मजुरांसाठी ही मोठी गोष्ट आहे. गावातल्या दुकानदाराने तोंड फिरवले तर शेजारच्या गावात जाता येते, आणि हे नुसते माहीत असल्यानेही वागणे सुधारते. पण यंत्र यादीच्या पुढे काम करते, यादी करत नाही. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानाचा घोटाळा २०२५ मध्ये उघड झाला आणि तलाठ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. तिथेही पैसे थेट खात्यातच गेले होते. खाती भलत्यांची होती, इतकेच. शिवाय रोख रक्कम देणाऱ्याच्या मर्जीवरच राहते. २०१५ पासून मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळू लागले होते, त्यात धाराशिवही होता. ही सोय कायद्यातली नव्हती, राज्य सरकारच्या निर्णयातली होती. २०२२ मध्ये धान्य येणे बंद झाले आणि २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये द्यायचे ठरले. त्याच दुकानात, त्याच काळात, अन्न सुरक्षा कायद्याखालचे धान्य एक महिनाही थांबवता आले नाही. 'आनंदाचा शिधा'ही असाच निर्णयाने आला आणि तिजोरीत खडखडाट झाल्यावर २०२५ च्या सणांना आलाच नाही.

म्हणून माझा आग्रह नेत्यांचे फोटो काढण्यापाशी थांबत नाही. अन्न सुरक्षा कायद्याची कलमे ११ आणि २७ लाभार्थ्यांची यादी आणि वाटपाचे अभिलेख लोकांसमोर ठेवायला सांगतात, कलम २८ सामाजिक अंकेक्षण सांगते, कलम २९ दक्षता समित्या. गावच्या दक्षता समितीचा अध्यक्ष सरपंच असतो. म्हणजे ज्याच्या शिफारशीची शंका आहे त्यालाच तपासायला बसवलेले. तिथे ग्रामसभेने चिठ्ठी टाकून निवडलेल्या कार्डधारक बायका बसवल्या तर कायद्याला बाध येणार नाही आणि खर्चही होणार नाही. यादीत कोण आहे हे चावडीवर लागले तरी अर्धेच काम होते, कारण अन्याय झालेला असतो तो यादीत नसलेल्यांवर. त्यांचा कागद कुठे आहे? २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे अर्जाची पोच द्यावी लागते, नकार दिला तर कारण लेखी द्यावे लागते आणि त्यावर अपील करता येते. प्रत्यक्षात अर्ज घेतलाच जात नाही. 'इष्टांक नाही, पुढच्या महिन्यात बघू' असे तोंडी सांगून माणसाला परत पाठवले जाते, आणि तो माणूस कोणत्याही नोंदीत येत नाही. तालुक्याच्या पुरवठा विभागाने प्रत्येक गावाची प्रतीक्षायादी क्रमांक घालून लावावी, मोकळी झालेली जागा त्याच क्रमाने भरावी आणि क्रम मोडला तर कारण त्याच फळ्यावर लिहावे. पंचनाम्याचेही तसेच: किती टक्के नुकसान लिहिले, हे गट क्रमांकानिशी आठ दिवस चावडीवर लावावे, हरकती घ्याव्यात, मगच रक्कम सोडावी. उशीर होईल, अशी तक्रार महसूल खात्याकडून येईल. पुराची मदत खात्यात यायला आताही महिने लागतात, त्यात हे आठ दिवस सहज बसतील.